‘अलाउ’ दाबलं होतं, ते आता मागे घेऊ

प्रश्न : मी कराडला राहते. पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. दोन महिन्यांपासून माझ्या फोनवर दिवसभर सूचना येतात. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरलाय’, ‘बॅटरी खराब होतेय’, ‘बक्षीस लागलंय’. मधूनच घाणेरडी चित्रं येतात. नातू शेजारी बसलेला असला की मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा घाबरून त्यावर दाबलं, तर फोन साफ करायचे नव्व्याण्णव रुपये मागितले. डेबिट कार्डाची माहिती भरली, पण ओटीपी आला नाही म्हणून फोन बंद करून टाकला. पैसे गेलेले नाहीत. गुडघेदुखीवर काही उपाय शोधले होते, तेव्हापासून जिथे जावं तिथे गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती. शेजारचे म्हणतात फोन फॉरमॅट करा. पुण्याचा मुलगा म्हणतो इन्कॉग्निटो वापर. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेले होते, तिथल्या संगणकावर माझा जीमेल उघडला होता, त्याचीही आता धास्ती वाटते. घरात मुलाचा जुना लॅपटॉप आहे, तोही मी वापरते. ब्राउझरमध्ये नेमकं काय बदलू? आणि कार्डाचं मी मुलाला सांगितलेलं नाही. सांगू का?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

ब्राउझरचं, म्हणजे वेबसाइट उघडायच्या क्रोमसारख्या अ‍ॅपचं, नंतर बघू, आधी कार्ड. पैसे गेले नाहीत म्हणजे धोका टळला असं समजू नका. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, पण परदेशातल्या अनेक वेबसाइटना कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे वळते करता येतात. तुम्ही हे सगळं भरलेलं असणार. तेव्हा हे वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे ते कार्ड ब्लॉक करून नवं मागवणं. नवं कार्ड आलं की बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याचे परदेशी व्यवहार बंद आहेत ना, ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला ही चालू-बंद करायची सोय द्यावीच लागते. फोन करायचा तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच करा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ असं शोधून मिळालेला नंबर अजिबात लावू नका, भामटे तिथे आपलेच नंबर पेरून ठेवतात. उद्या एखादा रुपया जरी गेलेला दिसला तरी लगेच बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता त्या सूचना. तुमच्या पत्रावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्या फोनमध्ये व्हायरस नाही. कुठल्याही वेबपानाला तुमच्या फोनच्या आत डोकावून व्हायरस मोजता येत नाहीत. ‘तेरा व्हायरस सापडले’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने तुमचा फोन पाहिलेलाच नसतो. हेच वाक्य तो एकाच वेळी हजारो लोकांना पाठवत असतो.

मग हे येतं कुठून? काही महिन्यांपूर्वी तुम्ही कुठलीतरी मालिका, गाणं, पीडीएफ असं काहीतरी फुकट शोधत एखाद्या पानावर गेला असाल. तिथे मधोमध एक चौकट आली असेल, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा’. त्याच वेळी वरच्या बाजूला ब्राउझरचा खराखुरा प्रश्न आला असेल, की अमुक वेबसाइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, परवानगी द्यायची का? खालची चौकट त्या भामट्यांनी काढलेलं नुसतं चित्र होतं. वरचं बटण खरं होतं. तुम्ही ते दाबलंत आणि त्या वेबसाइटला तुमच्या फोनवर हवं तेव्हा काहीही पाठवायचा परवाना मिळाला. ते पान बंद केलं तरी परवाना चालूच राहतो.

यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. माणूस घाईत काय करतो याचा नीट विचार करून ही चौकट रचलेली असते. दिवसभर संगणकावर काम करणारी मंडळीही ती दाबतात.

परवाना काढून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. पुढची अशी सूचना आली की तिच्यावर दाबू नका, नुसती नीट बघा. वर बारीक अक्षरात ‘क्रोम’ आणि त्याच्याजवळ कुठल्यातरी वेबसाइटचं विचित्र नाव दिसेल, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची जुळवणी असते तसलं. हाच तुमचा चोर. काही फोनवर त्या सूचनेखालीच ‘अनसबस्क्राइब’ असं बटण असतं, ते दाबलं की झालं. तसं बटण नसेल तर क्रोम उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा, ‘सेटिंग्ज’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. इथे ‘अलाउड’ या शब्दाखाली ज्यांना परवानगी दिली त्या सगळ्या वेबसाइटची यादी असेल. एकेकीवर दाबून ती ब्लॉक करा. यादी लांब असली तर घाबरू नका, एकदाच करायचं आहे. शेवटी त्याच पानाच्या वरचं ‘नोटिफिकेशन्स’चं मुख्य बटण बंद करून टाका, म्हणजे यापुढे कुठलीच वेबसाइट तुम्हाला हा प्रश्न विचारणार नाही.

काही महत्त्वाचं चुकेल अशी शंका येईल. चुकणार नाही. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपमधून येतात. ब्राउझरच्या सूचनांवाचून तुमचं एकही काम अडत नाही. मला विचाराल तर हे बटण प्रत्येक घरातल्या प्रत्येक फोनवर बंद असावं.

एवढं करूनही क्रोम उघडं नसताना पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात आली, त्यावर क्रोमचं नाव नसलं, तर दोष ब्राउझरचा नाही, फोनमध्ये टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा आहे. टॉर्च, फोन क्लीनर, फोटो सजवणं, असली अलीकडे टाकलेली अ‍ॅप काढून टाका आणि प्ले स्टोअरमध्ये जाऊन ‘प्ले प्रोटेक्ट’ची तपासणी चालवा. फोन फॉरमॅट करायची गरज मला दिसत नाही. नातवाचे फोटो मात्र त्यात हकनाक जातील.

आता गुडघ्यांकडे येऊ. हा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. आपलं दुखणं हा आपला खाजगी मामला आहे. त्याची खबर अनोळखी कंपन्यांकडे का जावी?

वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवते, तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती काढली, ती साध्या सोयीसाठी. धोबी कपड्यावर खूण करतो, कोणता सदरा कोणाचा ते कळावं म्हणून, तशीच ही खूण. तिच्यामुळेच तुम्हाला दर पानावर पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. इथपर्यंत काही बिघडत नाही. पण तुम्ही पाककृतीचं पान उघडता तेव्हा त्यावर जाहिरात कंपन्यांचे तुकडेही जोडलेले असतात आणि त्या कंपन्याही आपापली खूण करून जातात. तीच कंपनी बातम्यांच्या पानावर असते, औषधांच्या पानावर असते, पंचांगाच्या पानावर असते. सगळीकडे तिला आपलीच खूण दिसते आणि कराडच्या एका बाईंना काय दुखतंय याचा तिला पत्ता लागतो. नाव ठाऊक नसलं तरी तिचं काम भागतं. यांना ‘थर्ड-पार्टी कुकीज’ म्हणतात.

आयफोनवरच्या सफारी या ब्राउझरने त्या २०२० पासून सरसकट अडवल्या. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरने २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या अडवल्या आणि २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात बंद केल्या. क्रोम बनवणाऱ्या गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की दोन वर्षांत आम्ही त्या बंद करू. मग मुदत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. गूगलचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येतं, हे लक्षात ठेवून या तारखा वाचाव्यात. थोडक्यात, क्रोममध्ये हे दार तुम्हालाच लावून घ्यावं लागेल. ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘थर्ड-पार्टी कुकीज’ आणि तिथे ‘ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज’ निवडा. क्वचित एखाद्या साइटवर पैसे भरायचं पान उघडणार नाही किंवा लॉगिन अडेल. तेव्हा पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाचं चिन्ह दाबून तेवढ्या साइटपुरती सूट देता येते. मुख्य सेटिंग बदलू नका.

याने जाहिरातींचा पाठलाग कमी होईल, पूर्ण थांबणार नाही. कारण गुडघेदुखी तुम्ही गूगलवर शोधलीत आणि तेव्हा तुमचं खातं उघडं होतं, म्हणजे ती नोंद थेट खात्यातच आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘गूगल’वर जा, ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’, मग ‘डेटा अँड प्रायव्हसी’. तिथे ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडलंत की वर्षानुवर्षं काय काय शोधलं याची तारीखवार यादी समोर येईल. एकदा ती जरूर वाचा, वाचल्यावर हे सगळं कशासाठी करतोय ते कुणाला सांगावं लागत नाही. तिथेच ‘ऑटो-डिलीट’ आहे, ते तीन महिन्यांवर ठेवा. नव्या खात्यांना २०२० पासून अठरा महिन्यांची मुदत आपोआप लागते, पण तुमचं खातं त्याआधीचं असलं तर ती लागलेली नसण्याची शक्यता मोठी. त्याच विभागात जाहिरातींचं पान आहे, तिथे ‘पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स’ बंद करा. जाहिराती येतीलच, पण गूगलच्या जाहिराती तुमच्या दुखण्यावर बेतलेल्या नसतील.

मुलाचा इन्कॉग्निटोचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. इन्कॉग्निटो ही क्रोमची खाजगी खिडकी. ती बंद केली की त्या वेळचा इतिहास आणि कुकीज तुमच्या फोनवरून पुसल्या जातात, उतरवून घेतलेल्या फाइल मात्र राहतात. घरातल्या कुणी तुमचा फोन हातात घेतला तर त्याला काही दिसणार नाही, एवढाच त्याचा उपयोग. ज्या वेबसाइटवर गेलात तिला तुम्ही आल्याचं कळतं, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळतं. याच गैरसमजावरून २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला होता. २०२४ च्या तडजोडीत अशा खिडक्यांमधून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायला कंपनी कबूल झाली, आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारा मजकूरही बदलावा लागला. त्या सूचनांवर तर इन्कॉग्निटोचा काहीच इलाज नव्हता, कारण परवाना आधीच दिलेला होता.

सेवा केंद्राची धास्ती वाटणं रास्त आहे. तिथला माणूस सज्जन असेलही, पण त्या संगणकावर दिवसभरात अनेक हात फिरतात. तुम्ही जीमेल उघडलात तेव्हा क्रोमने ‘पासवर्ड सेव्ह करू का’ असं विचारलं असेल आणि कुणीतरी, तुम्ही किंवा त्या मुलाने, घाईत ‘सेव्ह’ दाबलं असेल. गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात ‘युवर डिव्हाइसेस’ आहे. त्यात तुमचं खातं कुठल्या यंत्रांवर उघडं आहे ते दिसतं. तुमचा फोन आणि घरचा लॅपटॉप सोडून जे काही दिसेल, त्या प्रत्येकावर ‘साइन आउट’ दाबा. ते केंद्रातल्या संगणकाजवळ न जाता घरबसल्या होतं. मग पासवर्ड बदला आणि तिथेच ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा, म्हणजे पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी तुमच्या फोनवर होकार दिल्याशिवाय खातं उघडणार नाही. तुमच्या ईमेलला हे कुलूप लागणं मी बाकी सगळ्याच्या वर ठेवीन, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने बनवता येतात.

आणि पुढच्या नोव्हेंबरात केंद्रात जाऊच नका. तुम्ही केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचारी आहात, तुम्हाला जीवन प्रमाण अ‍ॅपमधून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो. २०२१ पासून ही सोय आहे. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ हे आणखी एक अ‍ॅप लागतं. दोन्ही प्ले स्टोअरवरूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून घेऊ नका. हयातीच्या दाखल्याच्या नावाने पेन्शनरांना फसवणारे फोन आणि लिंक त्याच दिवसांत येतात.

पासवर्डबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. स्वतःच्या फोनवर ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देणं मला गैर वाटत नाही. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. शिवाय ज्या साइटसाठी पासवर्ड ठेवला त्याच साइटवर ब्राउझर तो भरून देतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर तो भरत नाही, आणि तुम्हाला सावध व्हायला तेवढी खूण पुरते. अट एवढीच, की फोनचं कुलूप पक्कं हवं. ज्याला तुमचा पिन ठाऊक, त्याला ते सगळे पासवर्ड वाचता येतात. नातवाला गेम खेळायला फोन द्यायचा तर उघडून द्या, पिन सांगू नका. बँकेचा पासवर्ड तेवढा ब्राउझरमध्ये ठेवू नका.

बँकेचा विषय निघालाच आहे तर, पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट खरी, असं पूर्वी सांगायचे. ते आता विसरा. ते चिन्ह एवढंच सांगत असे, की तुमच्या आणि साइटच्या मध्ये कुणी वाचत नाही. पलीकडे भामटा बसला असला तरी कुलूप दिसायचंच. म्हणून तर क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. त्याऐवजी पत्त्याचा शेवट वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तुमच्या बँकेचा असा पत्ता पासबुकावरून किंवा शाखेत विचारून घ्या, एकदा स्वतः टाइप करा आणि बुकमार्क करून ठेवा. त्यानंतर शोधून जायचंच नाही.

‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये गेलाच आहात तर आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ चालू करा. आणि ‘सेफ ब्राउझिंग’मध्ये ‘एन्हान्स्ड’ निवडा. याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, कारण त्यात तुम्ही जाता त्या पानांची जास्त माहिती गूगलकडे तपासायला जाते. खाजगीपणा थोडा कमी होतो हे खरंच आहे. तरीही ज्यांच्याकडून एकदा कार्डाची माहिती काढून घेतली गेली, त्यांनी आत्ता फसव्या पानांपासून जास्तीत जास्त संरक्षण घ्यावं, असं माझं मत आहे. वर्षभराने वाटलं तर ‘स्टँडर्ड’वर या. लोकेशन, कॅमेरा आणि मायक्रोफोनच्या परवानग्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये सूचनांच्या आसपासच सापडतील. ओळखीचं नाव नसेल ते काढा.

लॅपटॉपवर वेगळी भानगड असते, एक्स्टेन्शन्सची. ब्राउझरला जोडलेले हे छोटे प्रोग्राम. पीडीएफ बदलून देणारे, कूपन शोधणारे, हवामान दाखवणारे. जोडताना त्यातले बरेचसे परवानगी मागतात, की सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू द्या. म्हणजे तुमचा ईमेल आणि बँकेचं पानसुद्धा. तीन टिंबांमधून ‘एक्स्टेन्शन्स’ उघडा आणि ज्याचा उपयोग तुम्हाला सांगता येणार नाही ते सगळं काढा. माझं मत विचाराल तर लॅपटॉपवर सरळ फायरफॉक्स घ्या आणि त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एकच एक्स्टेन्शन जोडा. ते फुकट आहे, जाहिराती आणि माग काढणारे तुकडे दोन्ही अडवतं. क्रोमने नव्या नियमांमुळे त्याची ही पूर्ण आवृत्ती बंद केली, तिथे ‘लाइट’ एवढीच मिळते. लॅपटॉप जुना आहे म्हणता, त्यावर विंडोज १० असेल तर तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ती बदलायची की सुरक्षा अपडेटची मुदत वाढवून घ्यायची, हे मुलावर सोपवा. तोवर बँकेचं काम फोनवरच करा.

आता मुलाचं. सांगा, आजच रात्री फोन करून सांगा. त्या कार्डाशी त्याचंही खातं जोडलेलं असेल किंवा त्याचा नंबर नोंदवलेला असेल, तर काही हालचाल त्याला आधी दिसू शकते. तो रागावेल अशी भीती तुम्हाला असावी, असं पत्रावरून वाटलं. आधी कार्ड ब्लॉक करा आणि मग फोन लावा. ‘कार्ड बंद केलंय’ हे पहिलं वाक्य आणि काय झालं ते दुसरं. लॅपटॉपच्या कामासाठी तो पुढच्या सुटीत येईल तेव्हा त्याच्या फोनमधलीही नोटिफिकेशन्सची यादी उघडायला लावा.